हुकाखालची कावड

कारखान्यात दहा टनी क्रेन बसवायची म्हटली की कोटेशनं मागवली जातात, बैठका झडतात, गँट्रीचे कॉलम दोनदोनदा तपासले जातात. तिच्या हुकाखाली अडकवायचा लिफ्टिंग बीम मात्र फॅब्रिकेटरला फोनवरच सांगून मोकळे होतात: "सहा मीटरचा, दहा टनाचा एक करून दे." यात लांबी आली, वजन आलं, उंची आलीच नाही. आणि बीम कोणत्या जातीचा हवा, हे तर आधी उंची ठरवते.

मुळात बीम हवा कशाला? सहा मीटर लांबीचा, 10 टनांचा मशीन बेड घ्या. दोन्ही टोकांना उचलायचे कान आहेत. हुकातून दोन पायांची स्लिंग थेट त्या कानांत घातली आणि पाय आडव्याशी 60 अंशांत राहिले, तर प्रत्येक पायावर 5.77 टन ताण येतो. 45 अंशांत तोच 7.07 टन होतो. छत बुटकं म्हणून स्लिंग आखूड घेतली आणि कोन 30 वर आला, की प्रत्येक पाय पुरे 10 टन ओढतो, आणि बेडची टोकं साडेआठ टनांहून जास्त जोराने आत दाबली जातात. कानाऐवजी आयबोल्ट असेल तर आणखी वाईट. 45 अंशांच्या तिरक्या ओढीत, कॉलरवाल्या आयबोल्टचीही ताकद सरळ ओढीच्या एक तृतीयांशाखाली जाते. ही तिरकी ओढ मालापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढ्यासाठी बीम.

त्याच्या जाती दोन. स्प्रेडर बीमला वरची स्लिंग दोन्ही टोकांना असते. बीम फक्त दाबला जातो. आपल्या उदाहरणात 60 अंशांच्या स्लिंगमध्ये तो दाब 2.89 टन. चार-पाच इंची पाइपात काम भागतं. पण हूक बीमच्या वर 5.2 मीटर हवा! कोकणातल्या बंदरावर किंवा उघड्या यार्डात मोबाइल क्रेनला याचं काहीच वाटणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एवढी उंची आणायची कुठून?

म्हणून शेडमध्ये दुसरी जात येते, खरा लिफ्टिंग बीम. मधोमध एकच कान, माल खाली दोन टोकांना. खांद्यावरच्या कावडीसारखंच हे, आणि कावडीसारखाच तो वाकू पाहतो. उंची फार खात नाही, पण किंमत वजनात वसूल करतो. मध्यावर 15 टन-मीटरचा वाक येतो. भंगारात मिळालेला 300 मिलिमीटरचा आयबीम दिसायला दणकट असतो. या वाकाखाली साध्या पोलादाचा तो पार यील्डला पोचतो. तिपटीची सुरक्षितता हवी तर 500 मिलिमीटरच्या सेक्शनपर्यंत जावं लागतं, आणि सहा मीटरला त्याचंच वजन पाचशे किलोंच्या वर. शॅकल, स्लिंग वेगळ्या. म्हणजे दहा टनी क्रेनने 10 टनांचा बेड या बीमसकट उचलताच येत नाही. हे गणित ऑर्डर देण्याआधी व्हायला हवं. बहुतेकदा होतं ते बीम गेटवर उतरल्यावर.

स्प्रेडर हलका म्हणून तो निर्धास्त, असंही नाही. वरची स्लिंग कुठेतरी अडकली आहे, हाताशी आखूड आहे, चालवून घे, असं झालं आणि कोन 60 वरून 30 वर आला, की त्याच पाइपवरचा दाब तिप्पट होतो. लांब पाइप दाबाखाली इशारा देत नाही, एकदम बाजूला वाकतो. म्हणून स्प्रेडरवर टनेजइतकाच ठळक लिहायचा आकडा म्हणजे स्लिंगचा किमान कोन. पुष्कळ बीमांवर तो नसतोच.

भारतात 1948च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 29ने उचलण्याच्या यंत्रांची आणि साधनांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सांगितली. क्रेनची ती होते. बीम भिंतीला टेकून उभा असतो, त्याला कुणी साधन मानत नाही. नवा बीम घेताना 125 टक्के भाराची चाचणी आणि तिचं प्रमाणपत्र मागावं. गॅस कटरने पाडलेलं कानाचं भोक दिसलं, तर बीम परत पाठवायला लाजू नये. तिथली खरबरीत कड म्हणजे भेगेला आयतं निमंत्रण. आणि नंतर कुणी त्यावर हौसेने एखादा जादा हूक वेल्ड केला, तर जुन्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

बाकी सगळं बरोबर असूनही बेडचं वजन एका बाजूला असू शकतं. हेडस्टॉककडचं टोक नेहमीच जड. गुरुत्वमध्य मध्यापासून मीटरभर सरकला, तर दोन टोकांवर 5-5 टन न येता 6.67 आणि 3.33 येतात आणि बीम तिरपा होतो. म्हणून वरचा कान सरकवता येणारा किंवा तीन-चार भोकांचा बीम थोडा महाग पडला तरी घ्यावा. मुरलेला खलाशी 'हाबेस' म्हणून माल वीतभर उचलायला सांगतो, थांबवतो, बघतो. तिरपा दिसला की 'आर्या', माल खाली, आणि पिन पुढच्या भोकात.