पाण्याची पेरणी

काश्मीरमध्ये एप्रिल उजाडला की ट्राउटचा हंगाम सुरू होतो. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो मासा तिथे आणला. त्याला थंडगार पाणी लागतं. आमच्या कृष्णाकाठी तो जगायचा नाही. पण नव्या हंगामासाठी पाणी तयार करण्याची लगबग सातारा-सांगलीकडेही असते. फक्त ती ज्येष्ठात. शेतकरी रान तयार करतो तेव्हा मच्छीमार तळं तयार करतो. आटलेल्या तळ्यातला मरळीसारखा खादाड मासा काढायचा, गाळाला ऊन द्यायचं, चुना मारायचा, शेण टाकायचं. मग पावसाची वाट.

आणि बीजाची. रोहू, कटला, मृगळ बंद पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी हवं. १९५७ साली कटकला हिरालाल चौधुरींनी माशांच्याच मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली, म्हणून आज बीज विकत मिळतं. नुकतं जन्मलेलं ते मत्स्यजिरे, वाढलं की मत्स्यबीज, बोटाएवढं झालं की बोटुकली. मोठ्या जलाशयात जिरे सोडणं म्हणजे पाखरांपुढे ज्वारी टाकणं. तिथे बोटुकलीच हवी. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या की त्या तशाच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतात. आतलं-बाहेरचं पाणी सारख्या उष्णतेला आलं, की मग तोंड सोडायचं. पोरगी सासरी धाडावी तसं, हळूहळू.

हे सारं मला फार उशिरा कळलं. बँकेत असताना सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत माझ्या टेबलावर मच्छीमार संस्थेचा अर्ज आला होता. बीजासाठी कर्ज हवं होतं. मी शेरा मारला, 'तारण पाण्यात, पडताळणी अशक्य.' शेऱ्यावर मी खूशही होतो. फाईल वर गेली, फिरली आणि मंजूर होऊन आली, भाद्रपद सरताना. चेअरमन टोपी हातात घेऊन उभे राहिले. "सायेब, आता पेरून काय उगवायचं?" तळ्याचा ठेका त्यांनी भरलाच होता. ते वर्ष तळं रिकामं गेलं. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती.

तळ्याचं एक वर्ष बुडतं, नदीचं काय? दख्खनच्या महाशीरला साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'खुदरी' हे शास्त्रीय नाव दिलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी त्याचं बीज तयार केलं, ते दूरवर गेलं. कावेरीतही सोडलं गेलं आणि तिथल्या मूळच्या मदार असलेल्या महाशीरवर त्यानेच कुरघोडी केली. चांगल्या हेतूने टाकलेलं बीजही असं उलटतं. इकडे २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला.

आणि आपण? मृगाचा पहिला लोट आला की चढणीचे मासे ओढ्याने वर निघतात, पोटात अंडी घेऊन. गावं काठ्या, बुट्ट्या, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात उतरतात. चढणीचा मासा चवीला न्याराच, हे मीही लहानपणापासून ऐकत आणि खात आलो. गेल्या पावसाळ्यात पुतण्याने गाबोळीने भरलेला मासा आणून दिला. वहिनींनी तळला. मी दोन तुकडे खाल्ले.