दोन ऑस्कर, २३ वर्षे संसद आणि ऐंशीव्या वर्षी 'लिअर'

लंडनमधील ओल्ड व्हिक नाट्यगृहात नोव्हेंबर २०१६मध्ये शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा प्रयोग सुरू झाला, तेव्हा राजाच्या भूमिकेत ऐंशी वर्षांची एक स्त्री उभी होती. मुलींना राज्य वाटून देणारा, त्यांच्याच दारातून हाकलला जाणारा आणि अखेर भ्रमिष्ट होणारा हा वृद्ध राजा उभा करणे ही कोणत्याही नटाची कसोटी मानली जाते. ती देणाऱ्या ग्लेंडा जॅक्सन त्यापूर्वी जवळपास पाव शतक रंगमंचावर आल्याच नव्हत्या. त्यातली २३ वर्षे त्यांनी ब्रिटिश संसदेत काढली होती. दोन ऑस्कर मिळविलेली अभिनेत्री अभिनय सोडून का गेली आणि परतल्यावर तिला पुरुषाची भूमिका का निवडावी लागली, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

कामगाराच्या घरातून रंगभूमीवर

९ मे १९३६ रोजी बर्कनहेड येथे जन्मलेल्या ग्लेंडा यांचे वडील गवंडीकाम करीत. शाळा सुटल्यावर 'बूट्स' या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानात त्यांनी दोन वर्षे नोकरी केली. हौशी नाटकांतून गोडी लागली आणि शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाल्या. नायिकेचा प्रचलित साचा त्यांच्यापाशी नव्हता. चाळिशीपूर्वी फारसे काम मिळेल अशी आशा धरू नये, असा सल्ला आपल्याला तेथेच मिळाल्याचे त्या पुढे सांगत. सुरुवातीची वर्षे छोट्या शहरांतील नाटक मंडळ्यांत आणि अधूनमधून बेकारीत गेली.

रॉयल शेक्सपिअर कंपनीत दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी १९६४मध्ये प्रायोगिक नाट्यप्रयोगांसाठी त्यांची निवड केली आणि चित्र पालटले. पीटर वाइस यांच्या 'मारा/साद' या नाटकात वेड्यांच्या इस्पितळातील एक रुग्ण शार्लोट कॉर्डे या मारेकरी स्त्रीची भूमिका वठवते. ही दुहेरी भूमिका ग्लेंडा यांनी लंडनपाठोपाठ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही गाजविली. प्रेक्षकाला आवडण्याची धडपड न करणारा करकरीत अभिनय ही त्यांची ओळख येथेच पक्की झाली.

रुपेरी पडद्यावर त्याच गुणाचे चीज झाले. डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरून केन रसेल यांनी केलेल्या 'विमेन इन लव्ह' (१९६९) आणि 'अ टच ऑफ क्लास' (१९७३) या चित्रपटांनी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर दिले. दोन्ही सोहळ्यांना त्या गेल्या नाहीत. बीबीसीच्या 'एलिझाबेथ आर' (१९७१) या सहा भागांच्या मालिकेत राणी पहिली एलिझाबेथ हिचे तारुण्यापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य त्यांनी साकारले. त्यासाठी त्यांनी कपाळावरचे केस भादरून घेतले. या मालिकेने त्यांना दोन एमी पुरस्कारही मिळवून दिले.

रंगमंच ते संसद

१९९२च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या मजूर पक्षातर्फे लंडनच्या हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून निवडून आल्या. मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीत हुजूर पक्षाने राबविलेल्या धोरणांविषयीचा संताप हे त्याचे उघड कारण होते. दुसरे कारण व्यवसायाशी निगडित होते. पन्नाशी ओलांडलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका आक्रसत जातात आणि नाटककार स्त्रीला क्वचितच नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवतात, अशी तक्रार त्या सातत्याने करीत.

संसदेत त्या शोभेची बाहुली ठरल्या नाहीत. १९९७ ते १९९९ या काळात टोनी ब्लेअर सरकारात त्यांनी परिवहन खात्याचे कनिष्ठ मंत्रिपद सांभाळले. २००३च्या इराक युद्धाला मात्र त्यांनी स्वपक्षाच्या पंतप्रधानांविरुद्ध जाऊन विरोध केला. २०१०मध्ये तर त्या अवघ्या ४२ मतांनी तरल्या. २०१३मध्ये थॅचर यांच्या निधनानंतर सभागृहात श्रद्धांजलीची भाषणे होत असताना त्यांनी थॅचर यांच्या धोरणांवर कडाडून टीका केली, तेव्हा गदारोळ झाला. राजकारणात मोठे पद मात्र त्यांना मिळाले नाही. २०००मध्ये लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळविण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला होता.

लिअरच का?

२०१५मध्ये संसदेतून निवृत्त झाल्यावर त्या अभिनयाकडे वळल्या. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या रंगमंचावर स्त्रीपार्ट पोरगेलेसे नट करीत. वृद्धत्वाचे भले थोरले शोकनाट्य पेलण्याची जबाबदारी साहजिकच प्रौढ पुरुष नटांवर येई. परिणामी, उतारवयातील नटासाठी लिअर, प्रॉस्पेरो अशा भूमिका वाट पाहत असतात. त्याच वयाच्या नटीसाठी त्या तोलाचे फारसे काही नसते. १९९७मध्ये कॅथरीन हंटर या अभिनेत्रीने लिअर साकारून ही चौकट ओलांडली होती. डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली ग्लेंडा त्याच वाटेने गेल्या. अतिवृद्धत्वी स्त्री-पुरुष भेदाच्या सीमा पुसट होत जातात, अशी त्यामागे त्यांची भूमिका होती. त्यांचा आवाज आणि दम यांनी समीक्षकांना थक्क केले.

यश तेथेच थांबले नाही. एडवर्ड अल्बी यांच्या 'थ्री टॉल विमेन'साठी २०१८मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. ऑस्कर, एमी आणि टोनी असा अभिनयातील तिहेरी मुकुट त्यामुळे पूर्ण झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेची कथा सांगणाऱ्या 'एलिझाबेथ इज मिसिंग' (२०१९) या दूरचित्रवाणीपटाने त्यांना बाफ्टा मिळवून दिला. ही दोन्ही कामे म्हाताऱ्या स्त्रीला मध्यभागी ठेवणारी होती, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. संहिता तशी असली की वय आड येत नाही, हेच त्यांनी सिद्ध केले.

१५ जून २०२३ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. मायकेल केन यांच्यासमवेतचा 'द ग्रेट एस्केपर' हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला. ग्लेंडा जॅक्सन यांचे पुनरागमन हा अपवादात्मक जिद्दीचा विजय होता, यात शंका नाही. पण ज्या अभिनेत्रींच्या गाठी दोन ऑस्कर नाहीत, त्यांनी साठीनंतर कोणत्या भूमिकेची वाट पाहायची, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.