टर्बो बसवण्याआधी

कसारा घाट चढून नाशिकला आलं की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असतो. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के विरळ, त्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. टर्बोचार्जर ही तूट भरून काढून वर भर घालतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर! नाशिकमध्ये बनणारी महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये टर्बो डिझेल घेऊनच आली, म्हणजे तिचं इंजिन त्या दाबाचा हिशेब धरूनच घडवलेलं.

जुन्या साध्या गाडीत तो हिशेब नसतो. दाबलेली हवा तापते, ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोकू लागतं. पिस्टनला भोकही पडू शकतं. म्हणून इंटरकूलर, बहुधा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, नव्याने ट्यून केलेला ईसीयू, टर्बोच्या बेअरिंगला तेलाची वाट आणि दणकट क्लच हवा. नुसता टर्बो जोडून देणाऱ्याकडे गाडी सोपवू नका, हे मी कळकळीने सांगतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आरटीओत आधी विचारा, मग पाना हातात घ्या.