मैदानाआधी ताट

रग्बी युनियनने १९९५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यास मान्यता दिली आणि संघाची अखेरची फळी सांभाळणारा ‘फुलबॅक’ही पगारदार झाला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील मुलांना मात्र खेळ हा उपजीविकेचा मार्ग वाटत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावून रौप्यपदक मिळविले, हा अपवाद. फुलबॅक असो वा धावपटू, शरीर हेच भांडवल. आणि ते पस्तिशीच्या आसपास झिजते. ज्याचे भांडवल बालपणीच उपासमारीत खर्ची पडते, त्याने स्पर्धेत उतरावे कसे? १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हादरलेल्या या भागात क्रीडाधोरणाचा आरंभ ताटापासूनच व्हावयास हवा.