कार्टून आहे, पण पोरांचे नव्हे!

मागे एकदा आमच्या हातून एक चूक झाली. घरात पाहुणे होते, पोरे कंटाळली होती. "जपानी कार्टून आहे, बघत बसा," असे सांगून आम्ही एक चित्रपट लावून दिला आणि बोलत बसलो. चित्रपट संपत आला तेव्हा डोकावलो, तर नऊ वर्षांचा भाचा तोंडावर उशी धरून बसलेला. पडद्यावर एका मुलाचे अंग फुगत फुगत मैदानभर पसरत चालले होते. त्या रात्री भाचा काही झोपला नाही. त्याच्या आईने आमची जी खरडपट्टी काढली, ती आम्ही मुकाट्याने ऐकून घेतली. तो चित्रपट होता 'अकिरा'. चित्रपट वाईट नव्हता, उलट उत्तम होता. पण तो लहानांसाठी नव्हताच.

हाताने काढलेली चित्रे हलू लागली की ते लेकरांचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. डोरेमॉन आणि शिनचॅनमुळे ती आणखीच पक्की झाली. गंमत अशी की, हाच शिनचॅन १९९० मध्ये जपानात पहिल्यांदा छापला गेला तो मोठ्या माणसांच्या चित्रकथा-साप्ताहिकात! तिकडे चित्रांच्या चित्रपटांना आणि मालिकांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. त्यात लहानांचे वेगळे असते आणि मोठ्यांचे वेगळे. मोठ्यांसाठी केलेल्यांत मारामारी आहे, यंत्रे आहेत, अवकाशयाने आहेत. पण त्यांतल्या चांगल्या कलाकृती एक प्रश्न विचारतात : उद्याच्या यंत्रांच्या जगात कष्ट कोण करणार, आणि त्या कष्टकऱ्याला कोण माणूस म्हणणार? म्हणून दिवसभर राबून आलेल्या आमच्या वाचकांनी पाहाव्यात अशा पाच कलाकृती आम्ही येथे सुचवीत आहोत.

अंतराळातले सफाई कामगार

सुरुवात 'प्लॅनेटेस'पासून करावी. माकोतो युकिमुरा यांच्या चित्रकथेवरून गोरो तानिगुची यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका २००३-०४ मध्ये जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीने दाखविली. काळ २०७५ चा. माणूस चंद्रावर राहू लागला आहे. मात्र पृथ्वीभोवती जुन्या उपग्रहांचे तुकडे, खिळे, स्क्रू यांचा कचरा फिरतो आहे. तो गोळा करणारे कामगार हे या मालिकेचे नायक.

कंपनीत या खात्याची किंमत शून्य. माणसे कमी, पैसा कमी. इतर खात्यांतले लोक त्यांना 'अर्धे खाते' म्हणून हिणवतात. कचरा उचलणारे ते, आणि नाके मुरडणारे वरच्या मजल्यावरचे! पण त्यांनी एक दिवस काम थांबवले तर काय होईल, हे मालिका पहिल्याच भागात दाखवते. एक साधा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो आणि माणसे मरतात. यात अतिशयोक्ती नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात. बंदुकीची गोळी त्यापुढे काहीच नव्हे. मालिका आली त्यानंतर काही वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ रोजी, अमेरिकेचा 'इरिडियम ३३' आणि रशियाचा निकामी 'कॉसमॉस २२५१' हे दोन उपग्रह खरोखरच एकमेकांवर आदळले आणि कचऱ्यात हजारो तुकड्यांची भर पडली.

या मालिकेतला एक भाग तर चुकवूच नये. युद्धाने पोळलेल्या एका गरीब देशातला माणूस स्वतः तयार केलेला अंतराळपोशाख विकायला येतो. पोशाख पारखण्याआधी लोक त्याच्या देशाचे नाव पारखतात. त्याच देशातून शिकून वर आलेली एक मुलगी कंपनीत अधिकारी आहे. तिच्या मनाची ओढाताण शब्दांत सांगण्यापेक्षा पाहावी. मालिकेत मारामारी कमी आहे, हे आधीच सांगतो. पण अंगावर काटा येतो.

आठवणीही चोरीला जातात

दुसरा आहे 'घोस्ट इन द शेल'. दिग्दर्शक मामोरू ओशी, वर्ष १९९५. दीड तासाच्या आत संपणारा चित्रपट. २०२९ सालच्या जगात माणसांचे मेंदू थेट यंत्रांच्या जाळ्याला जोडलेले आहेत. नायिका मेजर मोतोको कुसानागी ही सरकारी पथकातली अधिकारी. मेंदूचा थोडा भाग सोडला तर तिचे सारे शरीर कारखान्यात बनलेले. ती सहज म्हणून जाते की, नोकरी सोडायची मोकळीक आहे, पण मग हे शरीर सरकारला परत करावे लागेल. काम सुटले की खोली सुटते, हे आपण पाहिले आहे. इथे अंगच सुटते!

याही चित्रपटात एक कचरागाडीवाला आहे. बायको घटस्फोट मागते आहे, मुलगी दुरावली आहे, म्हणून तो दुःखी आहे. एका माणसाच्या सांगण्यावरून तो काही यंत्रे लावत फिरतो आणि पकडला जातो. चौकीत त्याला सांगतात : तुला बायको नाही, मुलगी नाही, तू वर्षानुवर्षे एका खोलीत एकटाच राहतोस, त्या आठवणी कोणीतरी तुझ्या डोक्यात भरल्या. खिशातला ज्या फोटोत त्याला मुलगी दिसत होती, त्यात तो स्वतःच असतो. चार मिनिटांचा प्रसंग, पण आम्ही तो विसरू शकलो नाही. मोठ्यांच्या डावात वापरला गेला तो कोण? ज्याची चौकशी करायला कोणी येणार नाही असा माणूस. केन्जी कावाई यांचे संगीतही कान देऊन ऐकावे. जुन्या जपानी भाषेत, लग्नगीताच्या वळणाने गायलेले ते समूहगान बराच वेळ मनात घुमत राहते. चित्रपटात उघड्या शरीराची दृश्ये आहेत, याची नोंद घ्यावी.

कपाळावरचा शिक्का

'सायको-पास' या मालिकेचा २०१२ मध्ये सुरू झालेला पहिला २२ भागांचा खंड पाहावा. त्यातले सरकार प्रत्येकाचे मन यंत्राने मोजते. आकडा वाढला की माणूस 'संभाव्य गुन्हेगार' ठरतो. गुन्हा केला असो वा नसो! पथकातल्या एकाला तर वयाच्या पाचव्या वर्षी हा शिक्का बसलेला. अशाच शिक्का बसलेल्यांना पोलीस पुढे घालून शिकारी कुत्र्यांसारखे वापरतात. पहिल्याच भागात अत्याचार सोसलेली एक बाई भीतीने थरथरते, तिचा आकडा चढतो आणि यंत्र तिलाच गोळी घालायला सांगते. तेव्हा नोकरीच्या पहिल्याच दिवशी आकाने त्सुनेमोरी ही तरुण अधिकारी मध्ये उभी राहते. पाच वर्षांच्या पोरावर बसलेला शिक्का आयुष्यभर कसा पुरतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. यात स्त्रियांवरच्या अत्याचाराची आणि रक्तपाताची दृश्ये आहेत. मन घट्ट करूनच पाहावे.

आणि तो 'अकिरा'

आता भाच्याची झोप उडविणारा चित्रपट. कात्सुहिरो ओतोमो यांनी स्वतःच्याच चित्रकथेवरून तो केला, आणि १६ जुलै १९८८ रोजी तो जपानात प्रदर्शित झाला. संगणकाचा काळ नव्हता. पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंगवलेली दीड लाखाहून अधिक चित्रे त्यात वापरली आहेत. पात्रांचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर ओठ बेतले. रात्रीच्या रस्त्यावर मोटारसायकलींच्या दिव्यांच्या ज्या तांबड्या रेघा मागे रेंगाळतात, त्या पाहताना शेकडो हातांची मेहनत कळते.

गोष्ट दोन अनाथ मित्रांची आहे, कानेदा आणि तेत्सुओ. कोणालाच नको असलेली पोरे. सैन्य त्यांतल्या एकावर प्रयोग करते आणि त्याच्या हाती अफाट शक्ती येते. जन्मभर दुय्यम म्हणून जगलेल्या पोराच्या हाती ती आल्यावर तो मित्रावरच उलटतो. चूक त्याची की त्याला प्रयोगाचे जनावर समजणाऱ्यांची? यावर आमच्याकडे रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला.

मन हलके करायचे असेल तर १९९८ ची 'काउबॉय बीबॉप' आहे. २६ भाग, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो. २०७१ साली एका जुन्या यानातून फरारी गुन्हेगार पकडून बक्षिसावर पोट भरणारी ही मंडळी कायम उपाशी. पहिल्याच भागात ढोबळी मिरची आणि मांसाचा बेत ठरतो, पण ताटात मांसच नसते. महिनाअखेर कोणाला चुकली आहे? बहुतेक भागांत गोष्ट त्याच भागात पुरी होते, त्यामुळे पाळीवरून आल्यावर जेवता जेवता एक पाहिला तरी चालतो.

पाहण्याआधी दोन शब्द

हे सारे अठरा वर्षांवरील मंडळींसाठी आहे. 'प्लॅनेटेस' आणि 'काउबॉय बीबॉप' सौम्य आहेत. पण तेही आधी आपण पाहावे, मग घरातल्या मोठ्या मुलांना दाखवायचे की नाही ते ठरवावे. बाकीचे लेकरे झोपल्यावरच. हल्ली फोन मुलांच्या हाती असतो आणि मूल चित्रे पाहताना दिसले की आपण निर्धास्त होतो. आम्हीही तसेच निर्धास्त झालो होतो. नुसते "कार्टून आहे" यावर विसंबू नका. दोन मिनिटे शेजारी बसा.

शक्य असेल तर मूळ जपानी आवाजात, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत पाहावे. सुरुवातीला ओळी पळतात, दोन-तीन भागांनंतर डोळा सरावतो. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला शेजारी बसवून अर्थ विचारावा. यात कमीपणा नाही. मूल आपल्याला शिकवते तेव्हा त्याचाही जीव सुखावतो.

आमचा भाचा आता कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने स्वतःहून 'अकिरा' मागितला. या वेळी आम्ही शेवटपर्यंत त्याच्या शेजारी बसलो होतो.