केसांवर रंग का बदलतो?

निळा आणि गुलाबी रंग वाटीत कालवला की मोहक फिकट जांभळी छटा तयार होते. विरंजन केलेल्या पिवळट केसांना तीच लावली, तर केस पुष्कळदा राखी दिसतात. नुसता फिकट निळा लावला, तर हिरवट. दोष रंगाचा नव्हे. केस कोऱ्या कागदासारखे पांढरे नसतात, हे त्याचे कारण होय.

केसांचा नैसर्गिक रंग मेलॅनिनमुळे येतो. विरंजनाने ते नष्ट केले, तरी पिवळी झाक मागे उरते. अर्ध-स्थायी रंग ही झाक घालवीत नाही. रंगीत काचेप्रमाणे तो तिच्यावर पसरतो. निळा पिवळ्यात मिसळून हिरवट होतो. जांभळा मात्र पिवळ्याचा पूरक असल्याने दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात.

दुसरे कारण रेणूंच्या आकारात आहे. तपकिरी रंग बहुधा पिवळ्या, तांबड्या व निळ्या द्रव्यांच्या मेळातून साधलेला असतो. लहान रेणू केसांत खोलवर शिरतात, मोठे बाह्य आवरणापाशीच अडतात. धुताना सर्व द्रव्ये सारख्या प्रमाणात निघून जात नाहीत. म्हणून आरंभी जमलेली छटा काही आठवड्यांत तांबूस किंवा हिरवट होते. टोकांकडील केस अधिक झिजलेले असल्याने तेथील छटा मुळांपाशी असलेल्या छटेहून निराळी दिसते.

आपल्याकडील मेंदी आणि नीळ यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मेंदीतील लॉसोन हे नारिंगी द्रव्य केसांतील केराटिनला घट्ट चिकटते. निळीच्या पानांत मात्र तयार निळा रंग नसतो. पाने भिजविल्यावर मोकळ्या होणाऱ्या द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो बनतो. त्यामुळे मेंदीवर नीळ लावलेले केस धुतल्याबरोबर हिरवट दिसले, तरी एक-दोन दिवसांत गडद होतात. तेवढा धीर न धरता घाईने दुसरा रंग लावणे इष्ट नव्हे. विशेषतः ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत पॅराफेनिलीनडायामीन असू शकते, आणि काहींच्या त्वचेवर त्याने फोड उठतात.

तेव्हा वाटीतील रंगावर विसंबू नये. आतल्या बाजूची एखादी बट आधी रंगवून, ती वाळल्यावर उजेडात पाहावी. मिश्रणाचा खरा रंग तीच दाखविते.