लाईट गेली तरी न विसरणारी मेमरी : चिपमधले चुंबक दाखवतो हिरा, पवईत सुरू आहे काम

शहापूर/मुरबाड : पावसाळ्यात सेवा केंद्रात फॉर्म अर्धा भरून होतो आणि लाईट जाते. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की सेव्ह न केलेलं सगळं गायब! कारण काम चालू असताना माहिती 'रॅम' नावाच्या मेमरीत असते आणि रॅमला सतत वीज लागते. वीज गेली की पाटी कोरी.

मग उपाय काय?

चुंबकावर चालणारी मेमरी, म्हणजे 'एमरॅम'. तिच्या प्रत्येक कप्प्यात दोन चुंबकीय थर असतात. त्यांच्यामधला थर साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. आपला केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. दोन्ही चुंबकांची दिशा एकच असेल तर वीज सहज जाते, उलट असेल तर अडते. त्यावरून 0 की 1 ते ठरतं. लाईट गेली तरी दिशा बदलत नाही, म्हणून माहिती टिकते. या शास्त्राला स्पिनट्रॉनिक्स म्हणतात. त्याचा पाया 1988 मध्ये घालणाऱ्या आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना 2007 चं नोबेल मिळालं.

अडचण कुठे?

एमरॅम आज बाजारात आहे, पण महाग. शिवाय इतक्या पातळ थरात चुंबकाची दिशा कुठे बिघडली, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस टाकून चुंबकाची रेघ बघतात ना, तसं काहीतरी इथेही लागतं.

हिरा कामाला येतो

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसवतात आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवतात. त्यावर हिरवा प्रकाश आणि मायक्रोवेव्ह सोडले की ती जागा लाल चमकते. जवळच्या चुंबकामुळे ही चमक बदलते, आणि त्यावरून चुंबकत्वाचा नकाशा तयार होतो. असा एकच दोष असलेलं हिऱ्याचं टोक थरावरून फिरवलं, तर काही दहा नॅनोमीटरपर्यंतचे बारकावे कळतात.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट अशा हिऱ्यांवर काम करतो. चिपच्या आतलं चुंबकत्व दाखवणारं यंत्र बनवण्यासाठी 2024 मध्ये आयआयटीने टीसीएससोबत हात मिळवला. केंद्राच्या 6003 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम सेन्सरच्या केंद्राची जबाबदारीही आयआयटी मुंबईकडेच आहे.

ही मेमरी स्वस्त होऊन गावातल्या कॉम्प्युटरमध्ये यायला वेळ लागेल. तोवर फॉर्म भरताना प्रत्येक पानाला 'सेव्ह' दाबायचं आणि केंद्रात इन्व्हर्टर चालू ठेवायचा, हाच उपाय.